खंबाटकीच्या घाटातील पाऊण तास

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले, की शिरवळ आणि पारगाव-खंडाळा मागे पडते आणि समोर खंबाटकीचा डोंगर उभा राहतो. काही वर्षांपूर्वी आम्ही गेलो तेव्हा बोगद्याची सोय परतीच्या वाहनांनाच होती. जाताना वळणावळणाची चढणच चढावी लागे. उन्हाळ्याच्या दुपारी तेथे बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या हे नेहमीचे दृश्य. त्या दिवशी त्यांत आमच्या गाडीची भर पडली.

सांगलीच्या पेढीवर सायंकाळपर्यंत पोहोचण्याचा शब्द मी दिला होता. गाडीत आम्ही पाच जण, भरपूर सामान आणि एसी पूर्ण वेगात. पुढे मालट्रक मुंगीच्या चालीने सरकत होते. तापमानाचा काटा वर चढू लागला. “माथा जवळच आहे,” मी म्हणालो. शेजारी बसलेले अण्णा शांतपणे म्हणाले, “शब्द तासभर उशिरा पाळला तरी चालतो. गाडी थांबव.”

मी एसी बंद करून हीटर लावला. सारे घामाघूम झाले. पण इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटे बाहेर पडते. वळण ओलांडून रुंद जागा मिळताच इंजिन बंद केले, हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला आणि मागे त्रिकोणी फलक ठेवला. मंडळी रस्त्यापासून दूर, डोंगराच्या बाजूला उभी राहिली.

वाफ ओसरल्यावर बॉनेट उघडले. घाईने मी रुमाल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घातला, तोच शेजारच्या ट्रकचा चालक ओरडला, “मालक, हात काढा!” त्याने स्वतःची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा पांढुरका डाग होता. बंद झाकणाखाली दाब असल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि तेच पाणी वाफ होऊन अंगावर उसळते.

पाऊण तास आम्ही थांबलो. झाकण हाताला गार लागल्यावर हळूहळू उघडले. पाणी तळाला गेले होते. घरून आणलेले, उकळून गार केलेले पिण्याचे पाणी थोडे थोडे ओतले. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले, तर धातूला तडा जाण्याची भीती असते. नळीची पकड सैल होऊन पाणी गळत होते. ती त्याच चालकाने पेचकसाने आवळून दिली. पैसे पुढे केले, ते मात्र त्याने घेतले नाहीत.

एसी न लावता, काट्यावर नजर ठेवून आम्ही सातारा गाठले. तेथील कारागिराने कूलंट भरले आणि म्हणाला, “तसेच रेटले असते, तर हेड वाकले असते, गॅस्केटही गेले असते.” म्हणजे हजारोंचा फटका!

सांगलीला पोहोचायला रात्र झाली. सौदा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. भावात एका पैशाचाही फरक पडला नाही. तेव्हापासून लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी, पहाटे इंजिन गार असतानाच, मी कूलंटची पातळी पाहतो. आणि त्या वेळी तो पांढुरका डाग हटकून आठवतो.