यवतेश्वरचा घाट

"धावायला साताऱ्याला कशाला? पुण्यात रस्ते नाहीत का?" असे घरच्यांनी विचारले. रस्ते आहेत; यवतेश्वरचा घाट नाही! २०१२ सालापासून होणारी साताऱ्याची अर्धमॅरेथॉन हा घाट चढते आणि त्याच वाटेने उतरते. अंतर २१ किलोमीटरांहून किंचित अधिक.

आम्ही चौघे मित्र, सारे चाळिशी उलटलेले. सरता पावसाळा, ओले कातळ, वर धुके आणि पाठीशी अजिंक्यतारा. हाच रस्ता पुढे कासच्या फुलांच्या पठाराकडे जातो.

आमचा बँकवाला मित्र दोन तासांत परतायचेच, म्हणून वर्षभर पहाटे उठला होता. ऐन चढावर एकाच्या पोटरीत पेटका आला. "तुम्ही व्हा पुढे," तो कण्हत म्हणाला. बँकवाल्याने मनगटावरचे घड्याळ काढून खिशात टाकले आणि खाली बसून त्याची पोटरी चोळू लागला.

"अरे, तुझे दोन तास?"

"पुढल्या वर्षीही दोनच असतील!"

चौघे मिळून उतरलो, तेव्हा तीन तास उलटले होते. टाळ्या वाजवणारे सातारकर मात्र अजून रस्त्याकडेला उभे होते. वाचकहो, पावसाळा सरताना त्या घाटात एकदा जाच. धावलेच पाहिजे असे नाही. सोबत मात्र चांगली हवी.