पॅड कुठे?

बोटीचा तळ वाजवून बघायचं काम यंदा मी भाचीकडे सोपवलं. ती आयटीआयमधून वेल्डर होऊन आली आहे. हात स्थिर आहे आणि मुख्य म्हणजे कान शाबूत आहेत. माझे राहिले नाहीत. माणसांचं बोलणं कळतं, पण फायबरग्लासवर लाकडी हातोडी टेकली की भरीव जागेचा आणि पोकळ जागेचा आवाज मला आता एकसारखाच येतो. ग्राइंडरच्या शेजारी आयुष्य काढलं की हे व्हायचंच. तरी ते कबूल करणं मला फार जड गेलं.

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर मे महिना म्हणजे बोटी वर काढायची घाई. ४५-५० फुटी पॉवरबोटी पावसाळाभर जमिनीवर, पोलादी क्रेडलमध्ये उभ्या असतात. दीडशेचे गर्डर, चॅनेल, टॅक कुठे आणि कोणत्या क्रमाने मारायचे, यावर मी लिहीत बसणार नाही. काम करणाऱ्याला ते येतंच. मला रात्री जागं ठेवतो तो प्रश्न एकच: क्रेडलमधून बोटीच्या तळाला टेकणारा पॅड कुठे द्यायचा?

बोटीचं वजन कीलने, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याने, घ्यायचं असतं. पॅडनी नुसता तोल सांभाळायचा. पण १६ टनांच्या बोटीत तोल सांभाळणं हेही थोडंथोडकं काम नव्हे. इंजिनं मागे, टाक्या बहुधा मागेच. १५०० लिटर डिझेल राहिलं असेल तर तेच सव्वा टन. पॅडखाली आतली आडवी भिंत, म्हणजे बल्कहेड, असेल तर तळ भार निमूट घेतो. पॅड सरकून दोन भिंतींच्या मधल्या मोकळ्या तळावर गेला, की मेमधल्या उन्हात रेझिन हळूहळू दबत जातं. खड्डा नजरेला दिसत नाही. सरळ पट्टी लावली तरच खाली उजेड दिसतो. बोट पाण्यात गेली की मात्र तो लपत नाही. मागच्या बाजूला तळ सपाट पळायला हवा. तिथे जरा जरी पोकळी आली तर वेगात पाणी मागून उचलतं आणि नाक खाली दाबलं जातं. मालक म्हणतो इंजिन ओढत नाही. मग इंजेक्टर उघडतात, पंखा बदलतात. तळाकडे कोणी बघत नाही.

त्यात आणखी एक पेच आहे, आणि तो मला आजवर नीट सुटलेला नाही. बोट उचलणाऱ्या पट्ट्यांनाही भक्कम जागाच हवी असते. म्हणजे जिथे पट्टा हवा, नेमका तिथेच पॅडही हवा. हायड्रा क्रेनने बोट खाली ठेवल्यावर पट्टा काढायला वाट हवी असते; वाट ठेवली की पॅड सरकतो. शिवाय शाफ्ट, रडर, पाणी आत घेणारी छिद्रं सांभाळायची. तळाच्या लांब कडांवर पॅड बसला तर सगळा भार एका रेघेवर येतो, म्हणून तो दोन कडांच्या मधेच बसवायचा. मागे १८ अंशांचा उतार असला तर पुढे तो वाढत जातो, त्यामुळे प्रत्येक पॅडचा कोन निराळा. कोन मला प्लायच्या फर्म्यावरून काढता येतो. जागा मात्र कानानेच सापडायची.

हल्ली बरेच जण क्रेडलच बांधत नाहीत. स्क्रूवाले सुटे स्टँड लावतात, तासाभरात बोट उभी. मला ते पटत नाही. मुरुमाची जमीन जुलैत मऊ होते, एक स्टँड बोटभर खचतो, त्याचा भार शेजारच्यावर जातो. मग रखवालदार पाना घेऊन स्क्रू आवळतो आणि तळाला आत दाबतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा वारा ताशी ११० किलोमीटरच्या पुढे होता. वरच्या मजल्यासकट उंच उभी असलेली बोट तेवढ्या वाऱ्यात शिडासारखी वारा धरते. क्रेडल एकसंध असतो, बोट त्यालाच पट्ट्यांनी जखडलेली असते, त्यामुळे लोखंडाचं सगळं वजन तिच्या बाजूने उभं राहतं. सुट्या स्टँडला बोट बांधली तर ती हलताना स्टँडच ओढून काढते. जे हे जाणतात आणि तरीही घाईसाठी स्टँड लावतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर नाही.

मला मिरवायलाही आवडतं. बोट खाली येते तेव्हा इतरांच्या खिशात लाकडी पाचरी असतात, माझ्या नसतात. कीलखालचे सालाच्या लाकडाचे ठोकळे भाराने किती दबतील याचा अंदाज घेऊन मी पॅड दोन-तीन मिलिमीटर खाली ठेवतो. कील बसते, ठोकळे दबतात, आणि मग पॅड एकामागून एक टेकतात. अशा वेळी मालक जवळ असावा, यार्डातले बाकीचे फॅब्रिकेटर बघत असावेत, असं मला वाटतं. मुद्दाम थांबतोही. कंपनीकडून बोटीचं ड्रॉइंग मागवणं मी कायम टाळलं ते याच मिजाशीपायी.

भाचीने यंदा ड्रॉइंग मागितलं. आलं नाही, तर ती टॉर्च घेऊन बोटीच्या आत उतरली. पाण्याचं एक छिद्र आतूनही दिसतं आणि बाहेरूनही. तिथून तिने आतल्या प्रत्येक भिंतीपर्यंत टेप लावला आणि तीच मापं बाहेर तळावर खडूने मारली. वर पुन्हा हातोडीने वाजवून पाहिलं. या बोटीवर मी कान चांगले असताना पूर्वी खुणा केल्या होत्या, त्या माझ्या वहीत आहेत. सगळ्या जुळल्या, फक्त उजवीकडचा मागचा पॅड ४० मिलिमीटरने वेगळा निघाला.

"मामा, पॅड ३०० चा आहे, कोणतीही खूण घेतली तरी भिंत त्याच्यावरच येते," ती म्हणाली. खरं आहे. तिच्याच खुणेवर पॅड बसवला. पण ऑक्टोबरात बोट उचलली की पहिल्यांदा मी तिच्याखाली जाऊन उजव्या बाजूला पट्टी लावणार आहे.