नोएल आणि नाताळ

तंजावरच्या ज्या मराठी घरी मी डिसेंबरात उतरलो होतो, तिथे शेजारची सून एक शुभेच्छापत्र दाखवायला घेऊन आली. ती माहेरची कारैकलची, भाऊ फ्रान्सला. फ्रेंच राज्य गेलं तरी कारैकलच्या काही घरांत फ्रेंच नागरिकत्व टिकलं आहे. पत्रावर सोनेरी अक्षरांत ‘ज्वायो नोएल’.

“हा नोएल कोण रे? संत का?” घरच्या आजींनी त्यांच्या तमिळ हेलाच्या मराठीत विचारलं.

“आजी, हा आपला नाताळ.”

पण ‘नाताळ’ही त्यांना परका, त्या ‘क्रिसमस’ म्हणतात. मग मुळापासून सुरुवात केली. लॅटिनमध्ये ‘नातालिस’ म्हणजे जन्माचा. पोर्तुगीजांनी त्याचं ‘नाताल’ केलं, ते त्यांच्याबरोबर आपल्या किनाऱ्याला लागलं आणि आपण शेवटी ‘ळ’ लावून ते घरचं करून टाकलं. फ्रेंचांच्या तोंडी मधला ‘त’ गळाला, ‘ना’चा ‘नो’ झाला. ‘नूवेल’ म्हणजे बातमी, त्यावरून नोएल, असंही कुणी सांगतात. मला ते ओढूनताणून वाटतं. मध्ययुगात मात्र हा शब्द सणापुरता नव्हता. राजाची स्वारी शहरात शिरली की फ्रेंच प्रजा ‘नोएल! नोएल!’ असा गजर करी. आपल्या जयजयकारासारखाच.

“नातालिस,” आजींनी पुन्हा म्हणून पाहिलं. मी सांगितलं, त्यातल्या ‘नातुस’चं जुनं रूप ‘ग्नातुस’. संस्कृतातलं ‘जात’, ‘जन्म’ त्याच मुळाचं.

“म्हणजे त्यांची जन्माष्टमीच की!”

इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

सून हसली. फ्रेंच मुळात कारैकलला आलेच कसे, असं तिनं विचारलं, तेव्हा आजींच्या अभिमानाचा विषय निघाला. तंजावरच्या भोसल्यांपैकी शहाजीराजानं (दस्तऐवजांत साहुजी) गादीच्या भांडणात मदत हवी म्हणून पाँडिचेरीच्या गव्हर्नर द्युमाशी सौदा केला आणि १७३९ साली कारैकल फ्रेंचांच्या हाती गेलं. मधली इंग्रजांच्या ताब्यातली काही वर्षं सोडली, तर ते १९५४ पर्यंत.

“केवढ्याला दिलं?”

“काही हजार चक्रमांना.” चक्रम हे तिकडचं नाणं, आपल्याकडचा चक्रम नव्हे.

आजींनी सुनेकडे पाहिलं. “तुझं गाव आमच्या राजानं फारच स्वस्तात घालवलं गं.”