पाणी तापवलंय का?

आमच्या माळ्यावर एक तांब्याचं तपेलं आहे. अकरा महिने ते उपडं पडून असतं. ज्येष्ठ लागला की सासूबाई ते खाली काढायला लावतात, चिंच-मीठ लावून लखलखीत घासून घेतात आणि परसातल्या तीन दगडांच्या चुलीवर चढवतात. आळंदीहून निघालेली माऊलींची पालखी सासवडला दोन रात्री असते. पुणं सोडून, दिवे घाट चढून, तीसेक किलोमीटर चालून वारकरी संध्याकाळी गावात शिरतात, तेव्हा त्यांना आधी जेवण नको असतं. आधी गरम पाणी हवं असतं, पायांवर. मग तेल. मग सुई-दोरा. फोडातून ओवलेला दोरा तसाच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपत राहतं, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं गेलं. पुरणपोळी पुढे कधीतरी शिकले. जेवण त्यानंतर, आणि बहुतेक वर्षी त्या दिवशी एकादशी पडते, म्हणून भगर आणि शेंगदाण्याची आमटी.

आमच्याकडे परभणीकडची दिंडी उतरते. साठ माणसं. त्यातल्या एक आजी डोक्यावर तुळस घेऊन चालायच्या. सासूबाईंची आणि त्यांची मैत्री वीस वर्षांची म्हणायची, पण हिशेब मांडला तर जेमतेम चाळीस रात्रींची. दोघींना एकमेकींची नावं ठाऊक होती की नाही, याची मला शंकाच आहे. दोघी एकमेकींना माऊली म्हणत. अंगणात पाऊल पडलं की आजींचा प्रश्न ठरलेला, "माऊली, पाणी तापवलंय का?"

२०२० साली टाळेबंदी सुरू झाली ती २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याला. गुढ्या उभ्या राहिल्या आणि रस्ते आडवे झाले.

आमच्या गल्लीत चांगुलपणा पहिल्या दिवशी उगवला, असं मी म्हणणार नाही. आधी उगवली भीती. २२ तारखेला संध्याकाळी ५ वाजता आम्ही सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईहून एक कुटुंब आपल्या, अगदी स्वतःच्या, घरी परतलं, तर त्याच हातांनी पटापट खिडक्या लावून घेतल्या. मीही लावली. त्या घरची बाई लहान पोराला कडेवर घेऊन कुलूप काढत होती, आणि किल्ली लागत नव्हती. मी पडद्याआडून पाहत राहिले.

रात्री सासूबाईंनी डबा भरून माझ्यापुढे ठेवला. "त्यांच्या पायरीवर ठेवून ये."

"आई, ते मुंबईहून आलेत."

"दिंडीतला माणूस आला की आपण विचारतो का गं, अंगात ताप आहे का म्हणून? ताप असला तर काढा देतो."

मी डबा ठेवला, कडी वाजवली आणि अक्षरशः पळत परत आले. शूरपणाची माझी मजल तेवढीच. पण सकाळी डबा घासून, पालथा घालून आमच्या पायरीवर होता, आणि त्यानंतर तो रोज गेला-आला. चौथ्या दिवशी शेजारच्यांचाही डबा त्या पायरीवर दिसला.

चैत्रातच मग दिंडीची पातेली खाली आली. तपेलं तेवढं वर राहिलं. हडपसरच्या रस्त्याला एका बांधकामावर बिहारचे मजूर अडकले होते. पहिल्या दिवशी आम्ही गल्लीभरच्या भाकऱ्या गोळा करून पाठवल्या. निरोप आला, भात मिळेल का? भाकरीला कुणी नको म्हणावं, याचं आमच्या शेजारणीला दोन दिवस वाईट वाटत होतं. मग तिनेच भात लावायला घेतला. एका शेतकऱ्याने अंजिरांचे क्रेट कट्ट्यावर आणून ठेवले. पुण्याचा बाजार बंद, आणि पिकलेलं अंजीर काही टाळेबंदी उठायची वाट पाहत नाही. "घ्या लागेल तेवढं," म्हणाला आणि मान वळवून निघून गेला. त्या उन्हाळ्यात बिहारच्या माणसांनी पुरंदरची अंजिरं पोटभर खाल्ली.

ज्येष्ठ आला. पायी वारी होणार नाही, हे तोवर ठरलं होतं. आळंदीत प्रस्थान झालं, पण पादुका तिथेच आजोळघरी थांबल्या. पंढरपुरात मार्चपासूनच दर्शन बंद. मी आपलं गमतीने म्हटलं, "विठोबा यंदा निवांत बसला असेल." सासूबाई म्हणाल्या, "तो बसतोय कुठे? उभाच असतो की."

१७ जूनला योगिनी एकादशी होती. दुपारी परभणीहून फोन आला. आजींच्या नातवाने लावून दिला होता. पलीकडून नेहमीचाच प्रश्न आला. सासूबाई "हो" म्हणाल्या, फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "तपेलं काढ."

"कुणासाठी?"

"खोटं बोलले ना मी तिच्याशी. आता तापवायला नको?"

संध्याकाळी पाण्याला वाफ धरली, आणि अंगणात कुणी नाही. तेवढ्यात आशाताई आल्या. सकाळपासून घरोघर फिरत होत्या. हातात वही, तोंडावर मास्क, पायात झिजलेल्या चपला. दारातूनच विचारलं, "घरात माणसं किती?"

"चार," सासूबाई म्हणाल्या. "साठ यायची होती."

आशाताईंनी चार लिहिलं. मग त्यांचं लक्ष चुलीकडे गेलं. गावचीच बाई, तिला सांगावं लागलं नाही. आत यायला त्या तयार नव्हत्या, म्हणून ओट्याच्या कडेला बसल्या. मी घंगाळात पाणी ओतून लांबून सरकवलं. सासूबाई दोन हात दूर उभ्या. तेलाची बाटली पायरीवर ठेवून म्हणाल्या, "चोळता येत नाही बाई यंदा. तूच लाव." आशाताईंनी पाय बुडवले आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

३० जूनला पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरपूरला गेल्या. ते आम्ही टीव्हीवर पाहिलं. आषाढी एकादशीच्या महापूजेत मुख्यमंत्र्यांबरोबर उभं राहण्याचा मान मंदिरातल्या वीणेकऱ्याला आणि त्याच्या पत्नीला मिळाला. रांगच नव्हती, तर रांगेतला पहिला वारकरी आणणार कुठून? सासूबाईंना ती निवड फार पटली. २०२१ लाही पादुका एसटीनेच गेल्या. त्या वर्षी योगिनी एकादशीला फोन आला नाही. आम्हीच लावला, तेव्हा नातवाने सांगितलं, आजी एप्रिलमध्ये गेल्या. सासूबाईंनी कशाने ते विचारलं नाही. तपेलं मात्र त्याही दिवशी चढलं होतं.

२०२२ ला वारी पुन्हा पायी आली. दिंडीत साठांऐवजी चाळीसेक माणसं होती. तुळस आजींच्या सुनेच्या डोक्यावर होती. ती अंगणात येऊन थबकली. तिला तो प्रश्न ठाऊक नव्हता.

"पाणी तापलंय," सासूबाई म्हणाल्या.

आशाताई सुई-दोरा घेऊन ओट्यावर आधीच बसल्या होत्या. सुनेने तुळस उतरवली, पायातले बूट काढले. टाचेला एकच फोड होता.