गादीवरचे दुखणे

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या मोंढ्यातील एक धान्याचे व्यापारी. वय छप्पन्न, अंगकाठी सडपातळ. निर्व्यसनी, शुद्ध शाकाहारी, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नेम कधी न मोडलेले. चुलत बंधूंना मधुमेह झाला तेव्हा ते सहज म्हणाले होते, "तो अंगाने भारी. आम्हाला कशाची भीती?"

पुढे चपलेने पायाला झालेली लहानशी जखम महिनाभर भरली नाही. ती दुखतही नव्हती, म्हणून दुर्लक्ष झाले. तपासणीत रक्तशर्करा पुष्कळ वाढलेली आढळली. वेदना नव्हती, कारण पायाच्या नसाच बधिर झाल्या होत्या. अखेर एक बोट काढावे लागले.

हा आजार कोणाच्या संसर्गाने आलेला नव्हता. खाल्लेल्या अन्नाची साखर इन्सुलिनच्या साहाय्याने मुख्यतः स्नायूंमध्ये जाते. दिवसभर गादीवर बसणाऱ्याचे स्नायू ती फारशी वापरत नाहीत. पोटातील चरबी इन्सुलिनचा प्रभाव कमी करते. रक्तात साचलेली साखर वर्षानुवर्षे डोळे, मूत्रपिंडे आणि नसा पोखरत राहते. आहार शाकाहारी असला, तरी मैदा, तळलेले फरसाण आणि दिवसातून अनेकदा येणारा गोड चहा यांचा हिशेब शरीर ठेवतेच.

मग सडपातळ माणसाला हे का व्हावे? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचे उत्तर स्वतःच्या देहावरून दाखविले. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि डॉ. जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांच्या अभ्यासातही हेच दिसले : वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधील बालकांहून बरेच कमी, तरी त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून. म्हणून भारतीय पुरुषाने काट्याबरोबर कमरेचा घेरही पाहावा. तो ९० सेंटिमीटरच्या, आणि स्त्रीचा ८० च्या आत असावा.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, तर १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या उंबरठ्यावरून अनेकांना परत फिरता येते.

त्या व्यापाऱ्यांचा तीस वर्षांचा मुलगा त्याच उंबरठ्यावर सापडला. आता जेवणानंतर तो गादीवर लवंडत नाही. गोदामापर्यंत चालत जाऊन मालाची मोजणी स्वतः करतो. वडील रात्री खातेवही मिटल्यावर हातात आरसा घेतात आणि तळपाय निरखून पाहतात. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची उधारी तारखेवार लिहून ठेवली; स्वतःच्या देहाची थकबाकी मात्र त्यांना फार उशिरा वाचता आली.