घरची तंबाखू

तंबाखू मळायची कशी, हे मला विशीपासून ठाऊक होते. ती लावायची कशी, हे पासष्टीत शिकलो. निपाणीच्या मामेभावाने चार रोपे पाठवली आणि मी गच्चीवरचा बागायतदार झालो. "घरची भाजी असते, तशी घरची तंबाखू!" असे मी हिला ऐकवले. ही फक्त "हं" म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात या 'हं'चे सतरा अर्थ मला कळले आहेत. हा अठरावा होता.

तंबाखूला कीड लागत नाही, अशी माझी भाबडी समजूत. लागेल कशी? गुलाबावरच्या माव्यावर तर आम्ही तंबाखूचेच पाणी उकळून फवारत आलो. पण महिन्याभरात माझ्या तंबाखूवरच मावा बसला. मामेभाऊ म्हणाला, "दादा, तो तुझ्यासारखाच. त्या विषाला सरावलाय." शेवटी साबणाच्या पाण्याने त्याला आंघोळी घातल्या.

मग आल्या अळ्या. पानामागे तपकिरी लवेखाली अंड्यांचा पुंजका. त्यातली पिल्ले पंगत मांडून पान खरवडतात. थोडी मोठी झाली की दिवसा मातीत झोप आणि रात्री जेवण. रात्री दहाला बॅटरी घेऊन मी अळ्या वेचू लागलो. शेजाऱ्यांना वाटले, म्हातारा सोने पुरतोय.

त्यातून वाचलेल्या खालच्या पानांवर डाग पडले. कडा तपकिरी, मध्ये पांढुरका ठिपका, थेट बेडकाचा डोळा! रोगाचे नावही तेच. कारण बुरशी. उपाय म्हणजे डागाळलेली पाने खुडा, कुंड्या लांब ठेवा, पाणी पानांवर नको, बुंध्याशी घाला. मी रोज सकाळी भिंग घेऊन पान न् पान तपासू लागलो.

एके दिवशी ही म्हणाली, "अहो, ते भिंग द्या इकडे. आणि आ करा."

खालच्या ओठामागे, बार भरायच्या जागी, पांढरा डाग होता.

डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. ते आठ दिवस मी गच्चीवर फिरकलो नाही. अळ्यांची चैन झाली. निकाल बरा आला. "वेळेवर आलात. आता तंबाखू बंद, आणि अधूनमधून दाखवत राहा," डॉक्टर म्हणाले.

उरलीसुरली पाने उकळून गुलाबाच्या कामी आली. ही मात्र दर रविवारी भिंग घेऊन समोर उभी राहते. मी मुकाट्याने आ करतो. ती नीट बघते आणि म्हणते, "हं."

या 'हं'चा अर्थ मात्र मला लगेच कळतो.