मराठी मीडियममधून फ्रेंच

शनिवार, सकाळचे पावणेनऊ. सेनापती बापट रोडवरून आत वळायचं, पत्रकारनगरात शिरायचं आणि स्कूटीला जागा शोधत दोन चकरा मारायच्या. पत्रकाराने पत्रकारनगरात जाण्यात विशेष ते काय? पण मी तिथे फ्लॅट बघायला जात नव्हते (फ्रीलान्सरला कुठलं परवडायला!). मी चालले होते आलियाँस फ्राँसेजमध्ये. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, अगदी ‘अ आ इ ई’पासून फ्रेंच शिकायला.

पुण्यात हे काही जगावेगळं नाही म्हणा. इथे बोट क्लब रोडला जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन आहे, फर्ग्युसन रोडला रानडे इन्स्टिट्यूट आहे. मास कॉम करत होते तेव्हा रानडेच्या आवारात चहा पिताना शेजारच्या कट्ट्यावरून रशियन, जपानी, फ्रेंच असं काहीबाही कानावर पडायचं. शिवाय अकरावीला ‘स्कोअरिंग’ म्हणून मराठी सोडून फ्रेंच घेणारी पोरं तर घरोघरी. मी मराठीच ठेवलं होतं. नूतन मराठी स्टाइलच्या शाळेतून आलेली मी, फ्रेंच वगैरे ‘त्यांचं’ काम असं तेव्हा पक्कं डोक्यात होतं.

खरं सांगू? ते ‘त्यांचं-आपलं’ पुढेही सुटलं नाही. पहिल्या नोकरीत माझी एक इंग्रजी कॉपी सगळ्या डेस्कसमोर मोठ्याने वाचली गेली होती, ‘द’ आणि ‘अ’ कुठे कुठे खाल्लेत ते मोजत. लोक हसले. मीही हसले. तेव्हापासून कोणी ‘काय करतेस?’ विचारलं की मी इंग्रजीत पुटपुटते आणि मराठीत विषय बदलते.

तर बॅच. अर्धी हिंजवडीची आयटी जनता, दोन कॉलेजकन्या, मुलगा परदेशी शिकतोय म्हणून आलेल्या एक काकू आणि मी. शिकवणाऱ्या बाईंना काय म्हणायचं हा प्रश्नच नव्हता. तिकडे ‘मादाम’, इकडे ‘मॅडम’, पुण्यातल्या शाळेत जन्म गेलेल्यांना सवयीचंच!

पहिल्याच तासाला लिंगभेद. टेबल ‘ती’ का, यावर पाऊण तास चर्चा. आयटीवाल्यांना लॉजिक हवं होतं. मला हसू येत होतं, कारण आपल्याकडे खुर्ची ‘ती’, टेबल ‘ते’ आणि सोफा ‘तो’, हे कोणत्या लॉजिकने? फ्रेंचांकडे दोनच खाती आहेत, ‘ल’ आणि ‘ला’. त्यामुळे आपल्या नपुंसकलिंगी मंडळींची तिथे वाटणी होते. पुस्तक आणि ऑफिस ‘तो’ होतात, घर ‘ती’ होतं. खुर्ची ‘ती’च राहते, सूर्यही ‘तो’च. चंद्राची मात्र चक्क बाई होते! आता हे सगळं पाठ करणं आलंच, पण पाठ करावं लागतं याचा धक्का मला तरी बसला नाही.

माझी खरी फजिती तिसऱ्या आठवड्यात झाली. ‘मला भूक लागलीय’ फ्रेंचमध्ये सांगायचं होतं. मी ऐटीत म्हणाले, ‘जं सुई फँ.’ मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. ‘तुम्ही स्वतः भूक आहात का? हे इंग्रजीतून आणलंत. मराठीत काय म्हणता? भूक लागते, म्हणजे भूक वेगळी आणि तुम्ही वेगळ्या. फ्रेंच माणसाकडे भूक “असते”. जे फँ.’ आणि मग पुढे, अगदी सहज, ‘तुमचं मराठी चांगलं आहे ना? मग व्हाया लंडन कशाला जाताय?’

मी वही उघडून पाहिली. प्रत्येक शब्दासमोर इंग्रजी अर्थ! मराठीत लिहिलेली वही शेजारच्याला दिसली तर काय, या भीतीने मी नकळत ते केलं होतं. त्या रात्री नवी दोनशेपानी आणली आणि सगळं देवनागरीत उतरवलं.

मग गंमत सुरू झाली. ‘मला आवडतं’ म्हणायची त्यांची एक पद्धत हुबेहूब आपली आहे. आवडणारी वस्तू कर्ता, आणि आपण नुसते ‘मला’. ‘त्यू’ आणि ‘व्हू’ म्हणजे सरळ तू आणि तुम्ही, एकट्या माणसाला अनेकवचनी मान देण्यासकट. ‘तो गेला, ती गेली’ यातला फरक त्यांच्या क्रियापदालाही करावा लागतो. फक्त लिहिताना शेवटी एक अक्षर वाढतं आणि उच्चारात ऐकूच येत नाही. आकड्यांपाशी सगळे रडतात. ऐंशीला ते म्हणतात ‘चार वीस’, नव्व्याण्णवला ‘चार वीस दहा नऊ’. आयटीवाला वैतागला, ‘हा काय अल्गोरिदम आहे?’ मला मात्र आजी आठवली. ती आंबे विसांनी मोजायची. चार विसा म्हणजे ऐंशी.

अर्थात मराठी सगळीकडे धावून येत नाही. तो घशातला ‘र’ तालमीत जाऊनही जमेना (गुळण्या करतेयस का, असं आईने दाराबाहेरून विचारलं). शब्दाच्या शेवटची अक्षरं लिहायची आणि गिळायची, हा प्रकार ‘बोलतो तसं लिहितो’ म्हणणाऱ्या आपल्याला जड जातो. 1777 साली सँ ल्युबँ नावाचा फ्रेंच वकील पुण्यात आला होता. नाना फडणवीसांनी त्याला ठेवून घेतल्यावर मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. ही मंडळी एकमेकांशी नक्की कोणत्या भाषेत बोलत असतील, असं आता शनिवारवाड्यावरून जाताना मनात येतं.

यथावकाश ‘देल्फ आ-1’ परीक्षा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी 25 गुण. पास व्हायला 100 पैकी 50, पण एकाही भागात 5 च्या खाली चालत नाही. मला भीती बोलण्याचीच. बाहेर बाकावर बसून हात गार पडले होते. शेजारी काकू पुटपुटत होत्या, ‘मॉ फीस, मॉ फीस’. माझा मुलगा, माझा मुलगा.

आत गेले. नाव, गाव झालं. मग प्रश्न आला, काय करता?

इंग्रजीत या वाक्यात एक ‘अ’ लागतो, माझ्याकडून हमखास सुटणारा. फ्रेंचमध्ये व्यवसायाआधी तो नसतोच. मराठीतही नसतो. मी पत्रकार आहे.

‘जं सुई जुर्नालिस्त,’ मी म्हणाले. समोरच्या बाईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.